पेपरात छापलेला ढिगारा

मी दत्ताराम, गुहागरच्या आतल्या अंगाचा, घरी आंब्याची चार कलमं आणि खाणारी तोंडं ढीगभर, म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला दुबईला आलो, आणि काय सांगू ताई तुम्हाला, मी मुळातच घाबरट, पोस्टमन दारात आला तरी मी मागल्या दारी. विमानतळावर पासपोर्टावर शिक्का बसेपर्यंत मी रामरक्षा म्हणत होतो, खरंच.

काम मिळालं मैदानाचं. मला वाटलं क्रिकेट असेल, पण रास अल खोरच्या पुढे अमेरिकन लोकांनी पोरांसाठी बेसबॉलचं मैदान केलेलं, त्याच्या मधोमध मातीचा उंचवटा असतो, माउंड म्हणतात, त्यावर उभा राहून पिचर बॉल टाकतो. तो सांभाळायचा हेच माझं काम, पाणी मारा, धुमसाने ठोका, पोरं उकरून गेली की परत भरा. राहायला शारजात, सकाळी ट्रॅफिकमध्ये बस अडकली की जीव खालीवर, आज साहेब हाकलणार.

साहेब म्हणजे खन्ना साहेब, आमच्या कंपनीचे मॅनेजर, मैदानावर कधी पाऊल ठेवलं नाही पण क्रिकेटचे वेडे. तेव्हा बायकोला, शेवंताला, आणि सायलीला इकडे आणायचं चाललेलं, सायली म्हणजे माझी लेक, तिनं बापाला फोटोतच पाहिलेलं. मला सुपरवायझर केलं तरच फॅमिली व्हिसा, आणि त्या कागदावर खन्ना साहेबांची सही अडलेली.

आणि नेमका पेपरवाला मॅचला आला. पिचर पोराचा पाय मुरगळला, खेळात होतंच, पण दुसऱ्या दिवशी माझा हा मोठा फोटो, हातात दाताळं, बाजूला माउंड, आणि खाली काय छापलं तर माळ्याने पिचच्या मधोमध मातीचा ढिगारा तसाच सोडला, बोलर अडखळून पडला. अहो बोलर कुठला आणि पिच कुठलं! वर एक टीम नऊ रन्सवर ऑलआउट, बेसबॉलमध्ये नऊ म्हणजे भरपूर झाले हो! लिहिणारा क्रिकेटवाला, तपासणाराही क्रिकेटवालाच, कोणाला काही खटकलंच नाही. मला इंग्लिश येत नव्हतं, खोलीतल्या, माझ्याच गावच्या बबनने वाचून सांगितलं आणि मी पेपर घडी करून खिशात लपवला.

खन्ना साहेबांनी पेपर टेबलावर आपटला, ये क्या है, पिच के बीच में मिट्टी? मी म्हटलं साहेब, वो वैसाच रहता है. म्हणाले, पेपरवाले पागल हैं क्या, छपके आया है, आज के आज बराबर कर, नहीं तो खलास, कॅन्सल. कॅन्सल म्हणजे ताई, आमच्यासारख्याचा व्हिसा रद्द आणि रवानगी गावी. इकडे आड तिकडे विहीर, शेवंता डोळ्यासमोर आली आणि मी रोलर फिरवला. स्वतःच्या हातानं घडवलेलं सपाट करताना रडलो मी, सांगायला लाज कसली.

शुक्रवारी सकाळी पोरं तयार होऊन हजर. त्यांचा कोच, उंच गोरा माणूस, सपाट जागेवर उभा राहून बुटाने माती चाचपू लागला. म्हटलं मेलो आता. बोलता तर येईना, खिशातला पेपर काढून त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, कपाळावर हात मारला, काहीतरी बडबडला, मला कळलं नाही, आणि फावडं मागितलं. आईबाप, पोरं, सगळे माती ओढायला लागले, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत. मग त्यानेच साहेबांना आणि पेपरला फोन केला.

पेपराने दुरुस्ती छापली, खोली भाड्याने देण्याच्या जाहिरातींखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, की सदर ढिगारा आता हटवण्यात आला आहे. घ्या! इकडे माउंड परत उभा, सही अजून व्हायची, साहेबांचा कोचच्या फोनपेक्षा छापलेल्यावर विश्वास, त्यांनी हे वाचलं आणि बघायला आले तर? अन्न गोड लागेना. शेवटी सही झाली, सॉरी मात्र नाही.

पण बबनने तो पहिला पेपर गावी नेलेला. शेवंताला काय, नवऱ्याचा फोटो इंग्लिश पेपरात! कापून काचेत बसवला, गावभर मिरवला आणि येताना बॅगेत घालून शारजाला आणला. दहा-बारा वर्षं झाली, तो भिंतीवर आहे. तिचं तोंड बघून खाली काय छापलंय ते मला सांगवेना, पाहुणा वाचायला उठला की मी चहाचा कप घेऊन मध्ये.

परवा सायली, आता आठवीत आहे, चष्मा लावून तोच वाचत उभी. मी चहाचा कप घेऊन धावलो. म्हणाली, पपा, धिस इज सो रॉंग, दॅट्स द माउंड, डिडन्ट एनीबडी चेक? लहानपणी त्याच माउंडवर खेळलेली ती. कोच काय बोलला ते तेव्हा कळलं नव्हतं, पण एवढं इंग्लिश मला आता कळतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बरं चाललंय आमचं, तुमचंही देव भलं करो. फक्त ताई, तुम्ही हे लिहिताय तर ढिगारा लिहू नका हो, माउंड लिहा, आणि छापायच्या आधी, तुमच्या पाया पडतो, एकदा मला वाचून दाखवा.