एरलचं सहासष्ट

हॅलो?… कोण?… अगं कोरल! बरी आठवण झाली नणंदबाईंना! थांब, स्पीकरवर टाकते, हात चिकट झालेत…

बिअर लावतेय… हो, मी! हस, हस. तुझ्या भावानं चाळीस वर्षं लावली, मी नुसत्या बाटल्या धुतल्या. तो गेल्यावर आता माझी पाळी.

नाही गं, त्याचा तो कारखाना नाही. तीन पातेली, पंप, नळ्या… ते सगळं देऊन टाकलं, शेड रिकामी केली तेव्हा… मग काय, एक पातेलं आणि एक पिशवी… पिशवी! पडद्याच्या जाळीच्या कापडाची, मीच शिवली. सगळं पाणी एकदम तापवायचं, पिशवीत भरडलेलं जवाचं माल्ट घालून बुडवायचं, तासभर झाकायचं. मग पिशवी वर काढून निथळायची, आणि खालचं पाणी त्याच पातेल्यात कडवटपणाला हॉप्सची फुलं घालून उकळायचं. झालं… हो, चहाच्या पुडीसारखंच! एरल असता तर म्हणाला असता, नोलीन, ही बिअर आहे का आजाऱ्याचा काढा?

मी एकटी कशी उचलणार? अगं, मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचं चक्र आहे ना, शेगडी त्याच्याखालीच मांडलीय. पिशवी त्याला टांगायची, दांडा फिरवला की चक्र वर आणि पिशवीही वर… मागच्या वेळी शेजारची डॉटी कुंपणावरून विचारते, नोलीन, कुणाला फाशी दिलीस?

हो, मागे एकदा केली होती… नाही जमली. म्हणजे बिघडली नाही, पण एरलची नव्हे ती. पाणचट. त्याची कशी तोंड भरून राहायची… हो, हो, पावाच्या कडेसारखी, अगदी बरोबर! त्याच्या वहीत बघून ग्रॅम ग्रॅम तोललं होतं गं मी…

कशाला म्हणजे? त्याच्या वाढदिवसाला. पुढच्या महिन्यातला शेवटचा शनिवार. त्याचे दोस्त, बॅरी, क्लाइव्ह आणि तो लंगडा टॉम, येतातच ना. गेल्या वर्षी दुकानातली दिली. तिघं शेडमध्ये बसले, एकेक बाटली संपवली आणि साडेचारला घरी गेले… साडेचारला, कोरल! एरल असताना त्यांच्या बायका गाडी घेऊन न्यायला यायच्या. रिकाम्या शेडमध्ये मी एकटीच रडत बसले…

आणि यंदाचं शेवटचं. घर विकलंय, मग किल्ल्या द्यायच्या. नव्या जागी दोन खोल्या, अंगण कुठलं… म्हणून तर. आज लावली तर तोवर मुरेल. आज नाही तर नाहीच.

आत्ता? झाकलंय. दहा मिनिटं झाली… सहासष्ट डिग्री. वहीत खाली दोन रेघा मारल्यात त्यानं… बरोबर आहे गं, नवा आकड्यांचा थर्मामीटर आणलाय… त्याचा तो काचेचा? तो गेला शेडमधल्या सामानात. का गं?… हो, लाकडी मुठीचा, पितळी पट्टीचा… तुमच्या आईचा? जॅमचा?… मला वाटायचं त्यानं जुन्या बाजारातून उचललाय!

काय?… परत सांग… उकळत्या पाण्यात सत्त्याण्णवच दाखवायचा?… आणि आई म्हणायची, तीन मिळवून वाच…

अगं, मग एरलला कुणी सांगितलं नाही?… हं. तो कसला स्वयंपाकघरात! तू आईजवळ संत्र्यांच्या बिया काढत बसायचीस, आणि हा तळ्यावर झिंगे धरत…

म्हणजे वहीतलं सहासष्ट… एकोणसत्तर होतं. तरीच माझी पाणचट झाली!

चाळीस वर्षं, कोरल! चाळीस वर्षं चुकत होता तुझा भाऊ, आणि ती चूकच आम्ही मिटक्या मारत पीत होतो!… हसू नकोस गं, मलाही हसू येतंय…

थांब, थांब, फोन ठेवू नकोस! गॅस लावते… लागला. पिशवी जरा उचलून धरते, बुडाला लागायला नको… सदुसष्ट. बोल ना तू काहीतरी… ऐकतेय, ढवळतेय आणि ऐकतेय… हो गं, हाच वास. हिवाळ्यात त्याच्या स्वेटरला यायचा. तो स्वेटर धुवायचंच मी टाळायचे… अडुसष्ट… सावकाश, सावकाश… आलं! एकोणसत्तर. बंद केला.

वहीत?… नाही, खाडाखोड नाही करायची. त्याच्या हातचं सहासष्ट आहे ते, राहू दे… पुढे कुणी वाचलं तर? मी सांगेन ना तोंडी. माझ्यासाठी नवीन आहे का ते? लग्नाच्या दिवशी म्हणाला, "बरी दिसतेस." मी तीन मिळवून ऐकलं. बोट कापून घरी आला, म्हणे "जरासं लागलंय." तीन मिळवले आणि गाडी काढली. जन्मभर तसंच ऐकत आले मी त्याचं…

शेवटी त्या मंगळवारी म्हणाला, "थोडा दमलोय गं." आणि मी काय केलं, कोरल? म्हटलं, पड मग जरा… मिळवलेच नाहीत त्या दिवशी.

…

हो… हो, ऐकतेय. नाही गं, कुणालाच कळलं नसतं, डॉक्टरही तेच म्हणाले… माहितीये मला. तरी.

ऐक ना. तू ये त्या शनिवारी. विमानानं… गुडघा दुखतो तर गुडघाही घेऊन ये, त्यालाही पाजू… खरंच येशील?… अगं, "बघते" म्हणू नकोस, तुझ्या घराण्याचं "बघते" मला माहितीये… हं, आता कसं.

ठेवते, ठेवते. झाकण उघडंच राहिलंय बघ…