माझी रत्नागिरीची लेकरं

ऐका, यंदा माझी काय गंमत झाली. मी सौंसरची, पण नोकरी रत्नागिरीला, टाक्यांमध्ये शिंपल्यांची पिलं वाढवायची. रोज शेवाळ चारूनही पिलं वाढेनात, मरायला लागली. मी रडतच आईला फोन केला.

“नुसतं शेवाळच चारून राहिली का?” आई म्हणाली. “तुले लहानपणी पचत नव्हतं तं मी ताक पाजत होती. पोटात चांगले जंतू पाह्यजे नं!”

दुसऱ्याच दिवशी मी शेवाळासोबत चांगले जिवाणू टाकीत सोडले. काही दिवसांत पिलं टुणटुणीत झाली, अन् मी नाचत आईला कळवलं.

दिवाळीत घरी गेले, तर शेजारच्या काकू माझा गाल कुरवाळत म्हणाल्या, “तुह्ये लेकरं वाचले म्हणते आई. किती हायेत वं?”

“लाखभर, काकू!”