मसाल्याच्या डब्यातली औषधं

परदेशी जाताना औषधं कशी न्यायची, हे आमच्या बाबांना विचारा यार! मसाल्याचा गोल डबा असतो ना, सात वाट्यांचा? त्यातून नेली.

बाबा म्हणजे रिटायर्ड सुभेदार, सगळं कसं शिस्तीत. मी आईबाबांना घेऊन भावाकडे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. ‘स्ट्रिपा उगाच जागा खातात’ म्हणून बाबांनी दिल्लीतच एकूण एक गोळी सोलली आणि एका वाटीत एक औषध असं भरलं.

तिकडच्या एअरपोर्टवर ऑफिसरनं डबा उघडला. आत सगळ्या गोळ्या पांढऱ्या, वर हळदीचा वास!

“औषधांची नावं?”

बाबा बोट ठेवत म्हणाले, “धिस बीपी. धिस शुगर. धिस, आफ्टर नाश्ता.”

“नावं नसतील तर हे आत नेता येणार नाही.”

बाबा ताठ उभे राहिले. “सांग त्याला, गोळ्या घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

“मीही नाही,” असं म्हणत आईनं पर्स उघडली आणि रबर लावलेली एक जुडी त्याच्यापुढे ठेवली. सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा! सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. त्यानं स्ट्रिपांच्या खळग्यांत गोळ्या बसवून एकेक वाटी नावाशी जुळवून पाहिली आणि डबा परत दिला.

बाहेर आल्यावर बाबा चक्रावून म्हणाले, “अगं, पण त्या तर मी कचऱ्यात टाकल्या होत्या!”

आई म्हणाली, “तुम्ही टाकल्यात, म्हणूनच तर उचलल्या.”