पोरगी पाहून येताना

सत्तेचाळीसची दिवाळी नुकतीच झाली होती. वाशीमहून निजामाच्या हद्दीत परतणाऱ्यांची कनेरगाव नाक्यावर झडती चालू होती. रांगेत माझ्यापुढं एक विद्यार्थी होता आणि त्याच्यापुढं एक अनोळखी म्हातारी.

"मावशी, त्या माणसाला बाजूला काहून बसवलं?" विद्यार्थ्यानं तिला विचारलं.

"वाशीमला काहून गेलता, ते बराबर सांगता आलं न्हाई त्याला. तू काहून गेलतास?"

"दोस्तांकडं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या खोलीवर राहून सगळं गाव पायी फिरलो. मावशी, तिथं शाळेवर आपला झेंडा हाये! लोक चौकात मोठ्यानं बोलतात अन् मागं वळून कोणी पाहत न्हाई."

"तू पाह्य मागं. अन् हळू बोल. शिपायाला काय सांगशील?"

"पोरगी पाहायला गेलतो म्हणून."

"एकलाच? संग मामा न्हाई, चुलता न्हाई. अशी कोणी पोरगी पाहतं का, येड्या?"

"मंग काय सांगू?"

"काहीच नको. माझं गठुडं घे डोक्यावर. मी तुझी आत्या."

रांग सरकली. शिपाई समोर आला.

"कुठून येऊन राहिले?"

"वाशीमहून, साहेब. भाच्याला पोरगी दाखवून आणली."

"जमलं का?"

"पोराला पसंत पडली. पण तिचा बाप म्हणतो, निजामाच्या मुलखात लेक देत न्हाई."

शिपाई तिच्याकडं बघतच राहिला.

"माझ्या ल्योकाला बी तसंच म्हणले," शिपाई म्हणाला. "जा."