बोळाकडची जाळी

कुणीच इश्वास ठेवला न्हाय बघ माझ्यावर—सून घर सोडून गेली ती उकाड्यानं म्हणून गल्लीभर सांगितलं, तर समदी हसत्यात. म्हणं, सासूच्या, ह्या गुणाबाईच्या तोंडानं गेली! आता तूच सांग अण्णा, घरोघर एसी बसवत फिरतोस—ह्या खोलीत माणूस ऱ्हाईल का? वर स्लॅब तापतोय, खाली फॅन तीच गरम हवा घुसळतोय. लेकराचं अंग घामोळ्यांनी भरलं, आरोही त्येला घेऊन गेली गुंजीला, म्हायेरी. कौलारू घर हाय त्यांचं, वारं खेळतंय. म्हणून तर माझ्या विक्रमनं तुला धाडलंय—एसी लाव, मग येती का न्हाय बघू. लाव हितं, ह्या भिंतीला—

तिथं काय ठोकून बघतोस? कॅलेंडर ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे म्हणतो न्हवं!—काढलास? बरं. व्हय, हुती तिथं जाळी. भरमा गवंड्यानं ठेवलीती, छताला लागून, बोळाकडं. म्हणाला, वैनी, खिडकीतनं गार वारं आत येतंय, गरम हवा हितनं भाईर जाती. गेल्या उन्हाळ्यात रातचा फॅनबी बंद करून निजलो आमी, खोटं कशाला बोलू.

मग बुजवली का? अरं, बोळाच्या पल्याड माझ्या जावंचं, यशोदेचं सैपाकघर! हितलं समदं तिकडं ऐकू जातंय. मी आपलं फोनवर भणीला बोललो कायतरी—लेकरू आमच्या घरातल्या कुणासारखंच दिसत न्हाय, एवढंच. गमतीनं! यशोदेनं तिखटमीठ लावून सांगितलं आरोहीला—न्हाय, तिखटमीठ न्हाय लावलं. हाय तसंच सांगितलं. मी तडक भरमाला बोलावून जाळीत इटा-सिमेंट भरायला लावलं. यशोदा दारातनं वरडती, "आक्का, तोंड बंद हुईना म्हणून भित्त बंद केलीस व्हय?"

आरोही विक्रमला चकार शब्द बोलली न्हाय. घामोळ्या दाखवल्या, बॅग भरली, गेली. आन् विक्रमनं जाळीचं इचारलं, तवा मी म्हणलो, भरमानंच बुजवली, पाऊस आत येतोय म्हणत हुता. विक्रम त्येला चारचौघांत नगं नगं ते बोलला. भरमानं माझं नाव न्हाय घेतलं रं, तसाच माघारी गेला. आता आमच्या दारावरनं जात न्हाय, लांबनं वळसा घालतो—

तुला कशाला सांगतोय मी हे? तू एसी लावाय आलास, एसी लाव की! काय? आधी ही जाळी फोडून बघा म्हणतोस? आपलं गिऱ्हाईक कोण घालवतंय का असं, खुळ्या?

...फोडली तर यशोदेला परत समदं ऐकू जाणार. म्हंजे मलाच गप बसाय पायजे.

फोड.

थांब, विक्रमचा फोन आला. तूच घे, माझा हात ह्या सिमेंटच्या धुळीनं भरलाय. काय म्हणतोय?—जाळी फोडतोय म्हणून सांगितलंस, तर परत भरमाला शिव्या? गप कर त्येला. सांग, भरमानं आपल्या मनानं न्हाय बुजवली. मग कुणी बुजवायला लावलं म्हणतोय? सांग की रं, माझं तोंड काय बघतोस—

गुणाबाईनं.