बियाले राखलेलं वांगं

— नाही व माय, एक दाणाही नाही बी. जळगावातला तो बोर्ड वाचून बी मागायले आलीस ना — ‘भिकुबाईच्या घरच्या वांग्याचं भरीत’? भिकुबाई मीच. हॉटेल माझ्या तेजसचं. वांगी मात्र बाजारातली — खोटं कशाले बोलू! बस, पानी पी.

सासूबाईंनी दिलेलं बी होतं ते. दरसाल एक वांगं झाडावरच राखायचं, देठाले लाल दोरा बांधायचा — दोरा दिसला की शेंबडं पोरही हात लावत नाही. दोन वर्षांमागं होतं तेवढं बी पेरलं आन मर लागली, सारी झाडं गेली, एक वाचलं. त्याले एकच फळ. मी दोरा बांधला तवा तेजस बाजूलेच उभा होता मेला! आन पंधरा दिवसांनी त्याले पोरगी देनारे सावद्याचे पाहुणे आले, शेतात भरिताचा बेत, कपाशीच्या काड्या पेटलेल्या — तर यानं तेच तोडलं. म्हने, ‘आई, सगळ्यात देखणं तेच होतं. आत बी कुठं झालंय अजून?’

नव्हतंच झालं! पांढरं, कोवळं, दाताखालीही लागलं नसतं. महिनाभर झाडावर राहून पिवळं पडलं असतं, तर झालं असतं बी. मग त्या दिवशी त्यात काय होतं, सांग? काहीच नव्हतं? आन पुढच्या पन्नास वर्षांची वांगी, ती मग कुठं होती? पोटच्या पोरानं दगा दिला पोरी. दुसऱ्या कोनी दिला असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

काय? अडवलं नाही? कशी अडवनार, तोडून झालेलं — नाही. तसं नाही. मी बांधावरच होते. तो दोरा सोडत होता, नखानं — माझी गाठ घट्ट — आन माझ्याकडं बघत होता. थांबला होता व तो! नुसतं ‘तेज्या’ म्हनले असते तरी ठेवलं असतं त्यानं. पन पाहुणे बसलेले, तिशी उलटलेलं पोरगं, चौथं स्थळ — मी तोंड फिरवलं आन मिरच्या ठेचायले बसले. भाजलंही मीच. लग्न जमलं. सून चांगली आहे, तिचं काही नाही.

दोन वर्षं झाली, गावभर मी त्याले दगाबाज म्हनते. आन त्यानं एकदाही, कोनाजवळही, ‘आई बांधावरच होती’ म्हनलं नाही.

ऊठ आता. जा म्हनते ना!