घरकाम, ग्राह्य नाही

“हॅलो?… हो, साधनाची आईच बोलतेय, मनीषा… कोण? कॉलेजच्या ऑफिसातून? बोला ना मॅडम.”

मखमलाबादच्या मळ्यात मनीषा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. फोन तिनं मानेत धरला आणि हात चालूच ठेवले.

“शून्य?… कशात शून्य?… नाही हो, नापास कशी होईल? वर्गात पहिली येते ती!… क्रेडिट? ते काय असतं?… अच्छा. तीस तास काम केलं की एक… आणि चार पाहिजेत. म्हणजे एकशेवीस तास. मग? केलंय की तिनं!… अहो, ऐका ना मॅडम… तुम्हीच म्हणाला होतात ना, सायन्स-कॉमर्सचं वेगळं, हा व्होकेशनलचा कोर्स वेगळा, यात शेतावर काम करावंच लागतं म्हणून? दसऱ्याला पहाटे उठून झेंडू तोडलाय पोरीनं. टोमॅटोची बांधणी, रोपं… काय शेरा मारलाय? पुन्हा वाचा… ‘घरकाम, ग्राह्य नाही’?”

जुडी हातातून सुटली. ऑफिसातल्या लोकांशी मनीषा एरवी जपून, शहरातल्यासारखं बोलायची. पण डोकं सणकलं की ते सगळं बाजूला राहायचं.

“घरकाम? भांडी घासत होती का ती तिथं?… नियम, नियम! कुठला नियम?… आईबापानं स्वतःच्या पोरीला दाखला द्यायचा नाय? बरं. मग तिच्या वर्गातल्या त्या मंजुषाला कसं दिलं? मामाच्या नर्सरीत खुर्चीवर बसून मोबाइल बघत होती ती, मी डोळ्यांनी पाह्यलंय!… मामा चालतो?… का म्हणून?… हां. तुमच्या नोंदीत पालक म्हणून फक्त आईबापाचं नाव. म्हंजे मामा पालक नाय. वा रे वा!… क्रेडिटची नोंद आज पाचला बंद होणार? आन् शून्यच राह्यलं तर बारावीला बसू देणार नाय? अहो मॅडम, असं काय करता… आमच्या घरात इथवर शिकलेली ती पहिली हाय हो…”

मनीषाला रडूच फुटायला आलं. स्वतःची लय चीड आली तिला. फॉर्मवर मालकाच्या रकान्यात नवऱ्याचं, जीवनचं नाव तिनंच लिहायला सांगितलं होतं. सगळा गाव ‘जीवनचा मळा’ म्हणतो, म्हणून तिनंही तेच सांगितलं. समोर तिच्या सासूबाई, नवसाबाई, जुड्यांवर ओलं पोतं टाकत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता मनीषा ताठ बसली.

“थांबा, थांबा! मॅडम, आमचे हे मालकच नायत!… हो, मीच लिहायला लावलं. चुकलं माझं. सातबारा सासूबाईंच्या नावावर हाय… साधनाची आज्जी. तुमच्या नोंदीत आज्जी पालक हाय का?… नाय ना? मग मामा चालतो आन् आज्जी का नाय?… विचारा, साहेबांना खुशाल विचारा. मी धरते फोन.”

तिनं पदरानं डोळे पुसले.

“हं, बोला… चालतंय? अगं बाई!… तासांची नोंद? हाय की! कॅलेंडरवर रोज लिहिलंय पोरीनं, दुधाचे खाडे लिहितो ना, त्याच्याच खाली. हो, सातबारा पण आणते… अंगठा चालणार नाय? अंगठा कशाला? सही करतात त्या. साधनानंच शिकवलीय… हो हो, पाचच्या आत पोचतो आम्ही दोघी… आल्या आल्या सही?… नाय मॅडम. आधी तुम्ही ते ‘घरकाम’ खोडायचं, माझ्यासमोर. मग मालकीण सही करंल. ठेवते.”